इंडियन ओशनचं ‘कंदिसा’ हे गाणं शब्द न कळताही का भिडतं?

आधी तबला ऐका. दिल्लीच्या या बँडमध्ये तो ड्रमसेटच्या जोडीला वाजतो. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे, म्हणून ठेका आणि गळा एकाच श्वासात येतात. २००० सालच्या या गाण्याचे शब्द सुरियानी भाषेतल्या ख्रिस्ती प्रार्थनेतले, ‘कंदिसा’ म्हणजे पवित्र. तेच शब्द फिरून येतात, चढत जातो तो आवाज. आम्हा बेळगावकरांना याची सवय आहे. शेजारच्या मठातली कन्नड वचनं कानावर पडायची, अर्थ मागाहून विचारायचो. ‘कंदिसा’ याच नावाच्या अल्बममधलं ‘मा रेवा’ मात्र शब्द धरूनच ऐका. ते नर्मदेचं लोकगीत, आणि बास गिटार वाजवणारे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते. हेडफोन लावा, बास नीट कळेल.