‘आणीबाणीची तयारी’ की ‘आपत्कालीन सज्जता’?

प्रश्न नागपूरच्याच एका अनुवादक मित्राचा आहे. अमेरिकेतल्या होमलँड सिक्युरिटीच्या कायद्यांवरचा मजकूर मराठीत आणताना त्यांनी ‘इमर्जन्सी प्रिपेअर्डनेस’ला ‘आणीबाणीची तयारी’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘आपातकालीन तयारी’ केलं आणि मुद्रितशोधकांनी त्याचं ‘आपत्कालीन’ केलं. तिघांत बरोबर कोण? आणि ‘होमलँड सिक्युरिटी’ला म्हणायचं तरी काय?

पहिल्या प्रश्नाचा निकाल आधीच देऊन टाकतो: मुद्रितशोधक.

‘आणीबाणीची तयारी’ असं वाचलं की मराठी माणसाला वाटतं, सरकार आणीबाणी लादायच्या बेतात आहे. शब्द मुळात इतका भारी नव्हता. ‘अगदी आणीबाणीची वेळ आली तर हे पैसे मोड’ असं आजीही म्हणायची, आणि त्यात कुणाला अटक होत नसे. पण २५ जून १९७५ नंतर या शब्दाचं वजन बदललं. ‘आणीबाणीत काका आत होते’ म्हटलं की कुठली आणीबाणी, असं कुणी विचारत नाही. खरं तर त्याआधी १९६२ मध्ये चीनच्या युद्धात आणि १९७१ मध्ये पाकिस्तानच्या युद्धातही आणीबाणी घोषित झाली होती. बोलण्यात मात्र उरली ती एकच.

राज्यघटनेच्या मराठी मजकुरातही हाच शब्द आहे. कलम ३५२ म्हणजे ‘आणीबाणीची उद्घोषणा’. १९७५ मध्ये ती ‘अंतर्गत अशांतता’ या कारणावरून झाली होती. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ते कारण काढून तिथे ‘सशस्त्र उठाव’ घातला. शब्दचर्चेत हे कशाला, असं वाटेल. पण एका शब्दाच्या सैलपणामुळे काय होऊ शकतं, याचा याहून मोठा दाखला आपल्याकडे नाही. त्याच काळात ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याच्या इंग्रजी आद्याक्षरांना ‘बंदी’ म्हणजे कैदी जोडून ‘मिसाबंदी’ हा सामासिक शब्द तयार झाला. त्या कायद्याच्या नावात ‘अंतर्गत सुरक्षा’ होती, हे आज किती जणांना आठवतं? या ‘अंतर्गत सुरक्षे’कडे पुढे परत यावं लागेल.

तर आणीबाणी म्हणजे घोषणा आणि अधिकारांची फेरवाटणी. आपत्ती म्हणजे प्रत्यक्ष कोसळलेलं संकट. कायद्यानेही या दोघींच्या चुली वेगळ्या ठेवल्या आहेत. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मध्ये आपत्तीची व्याख्या आहे. कारण नैसर्गिक असो की मानवनिर्मित, अपघात असो की हयगय, जीविताचं, मालमत्तेचं किंवा पर्यावरणाचं मोठं नुकसान झालं पाहिजे आणि ते त्या भागातल्या लोकांच्या आवाक्याबाहेरचं असलं पाहिजे, असा तिचा आशय. व्याख्येचा पहिला भाग वाचताना मला दर वेळी आपली जुनी जोडी आठवते: अस्मानी-सुलतानी. पाऊस दगा देतो ती अस्मानी, फौज शेतं तुडवून जाते ती सुलतानी. ‘नैसर्गिक व मानवनिर्मित’ हे त्याच जोडीचं कार्यालयीन रूप आहे. फक्त हयगय नेमकी कोणात बसवायची, हे जुन्या जोडीला ठाऊक नाही. नाला बुजवून त्यावर घरं उभी राहिली आणि मग पाणी शिरलं, तर ती अस्मानी की सुलतानी?

नागपूरकरांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसलं. लोक काय म्हणत होते? ‘पाणी घरात येऊन राह्यलं’, ‘पूर आला’. आपत्ती कुणीच म्हणालं नाही. तो शब्द दुसऱ्या दिवशी पंचनाम्याच्या कागदांबरोबर आला, आणि त्याच्या पाठोपाठ ‘सानुग्रह अनुदान’ आलं. जाता जाता, ‘सानुग्रह’ म्हणजे अनुग्रहासह, कृपा म्हणून. माझ्या मते मदतीच्या कागदावर हा शब्द शोभत नाही. चिखल उपसणाऱ्या माणसाला त्यातली कृपा कळत नाही, रक्कम तेवढी कळते.

दुसरा दाखला २०२० चा. २४ मार्चला देशभर टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा ‘आणीबाणीच लागली की’ असं पुष्कळ जण म्हणाले. भावना खरी होती, पण कायद्याने ती आणीबाणी नव्हती. केंद्राचा आदेश निघाला तो आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाखाली, आणि राज्यांच्या हाताशी १८९७ चा साथरोग अधिनियम होताच. कलम ३५२ ला कुणी हातही लावला नव्हता.

आता अमेरिकेकडे वळू, कारण मूळ घोळ तिथला आहे. तिथे एकच ‘इमर्जन्सी’ दोन वेगळ्या कायद्यांत दोन कामं करते. १९७६ च्या नॅशनल इमर्जन्सीज अ‍ॅक्टखाली राष्ट्राध्यक्ष जी जाहीर करतात, तिला ‘राष्ट्रीय आणीबाणी’ म्हणायला हरकत नाही, कारण तिच्यामुळे विशेष अधिकार जागे होतात. पण १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्यात घोषणा दोन प्रकारच्या आहेत, ‘इमर्जन्सी’ आणि ‘मेजर डिझास्टर’. त्यातली इमर्जन्सी ही धाकटी, मर्यादित मदतीची. चक्रीवादळ किनाऱ्याला लागण्याआधीसुद्धा ती जाहीर होते. तिथे ‘फ्लोरिडात आणीबाणी’ असा मथळा दिला, तर आपला वाचक समजणार की तिथे लष्कर उतरलं. ‘आपत्कालीन स्थिती’ लिहा आणि थोरलीला ‘मोठी आपत्ती’. तुमच्या मजकुरात दोन्ही कायदे येत असतील, तर शोधा-आणि-बदला करून सरसकट एकच शब्द टाकू नका. जागोजागी बघावंच लागेल.

संपादकांच्या ‘आपातकालीन’चं काय? संस्कृत म्हणून तो चुकीचा नाही. आपात म्हणजे येऊन पडणं, कोसळणं. हिंदीने तो उचलला, आणि हिंदीत १९७५ ची आणीबाणीही ‘आपातकाल’च. मराठीची वाट दुसरी: आपद् अधिक काल, संधी होऊन आपत्काल, त्यावरून आपत्कालीन. त्याच आपद्‌मधून आपद्धर्म आला, आपद्ग्रस्त आला. नागपुरात दोन्ही भाषा एकाच टपरीवर चहा पितात, त्यामुळे इथे दोन्ही रूपं कानाला सारखीच वाटतात. रेल्वेच्या डब्यात बसलात की ‘आपातकालीन खिड़की’, आणि १०८ ची रुग्णवाहिका समोरून गेली की ‘आपत्कालीन वैद्यकीय सेवा’. या दोहोंचं लग्न लावून झालेलं ‘आपात्कालीन’ कुठल्याच घरचं नाही. आणि ‘आप्तकालीन’ तर अजिबात नको. आप्त म्हणजे नातेवाईक. ते येतात तेव्हा कधीकधी संकट येतं हे मान्य, पण व्याकरणाला ते चालत नाही.

तरी या सगळ्यांत मला आवडतो तो एसटीच्या मागच्या काचेवरचा मजकूर: ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’. जोडाक्षरं म्हणावीत अशी दोनच आहेत, आणि चौथीतल्या पोरालाही काच कशासाठी आहे ते समजतं. ज्याने कुणी तो पहिल्यांदा लिहिला, त्याच्या हाती आपल्या अधिनियमांचे मसुदे द्यायला हवे होते. तसा अपवाद कायद्यातही आहे: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. नाव लांबलचक आहे, पण ‘अग्नी’ न म्हणता सरळ ‘आग’ म्हटलंय.

दुसरा प्रश्न, ‘होमलँड सिक्युरिटी’. यासाठी नागपूरच्या सिव्हिल लाइन्सला एक चक्कर मारा. तिथे नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय महाविद्यालय उभं राहिलं. १९५७ मध्ये ते केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था म्हणून सुरू झालं आणि १९६८ मध्ये त्याला राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय हे नाव मिळालं. नागरी संरक्षण अधिनियमही त्याच वर्षीचा. मराठीत नागरी संरक्षण, पण हिंदीत त्यालाच ‘नागरिक सुरक्षा’ म्हणतात. कारण आपण संरक्षण म्हणतो तिथे हिंदी रक्षा किंवा सुरक्षा म्हणते. आपलं संरक्षण मंत्रालय म्हणजे त्यांचं रक्षा मंत्रालय. त्यात १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्याची जागा ‘भारतीय नागरिक सुरक्षा संहिते’ने घेतली. म्हणजे हिंदीत ‘नागरिक सुरक्षा’ हा हवाई हल्ल्याच्या भोंग्याचाही विषय आणि अटक-जामिनाचाही. मराठी अनुवादकाने इथे डोळे मिटून हिंदीच्या मागे जाऊ नये.

‘नागरी’ची आपली अडचण वेगळीच. नागरी संरक्षणातला नागरी म्हणजे लष्करी नव्हे तो, आणि नागरी सुविधांमधला नागरी म्हणजे शहरातला. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात २०२५ मध्ये दुरुस्ती झाली आणि महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूद आली. नागपूरही त्यात बसतं. त्याला ‘नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण’ म्हटलं की हे सिव्हिल लाइन्सवाल्यांचं काम की महापालिकेचं, असा गोंधळ ठरलेला. तिथे ‘शहरी’ लिहिलेलं बरं.

आणि ‘गृहसुरक्षा’? तो शब्द कुलपं आणि कॅमेरे विकणाऱ्या दुकानाला शोभेल. ‘गृहरक्षक’ हा आपल्याकडे होमगार्ड, तोही वाटेत आडवा येतो. ‘अंतर्गत सुरक्षा’ जवळची आहे, पण तिला आपल्याकडे मिसापासून नक्षलवादापर्यंतचा इतिहास चिकटलेला आहे. अमेरिकेचा तो विभाग २००२ च्या कायद्याने जन्मला, २२ संस्था एकत्र करून. त्यात सीमा आहे, स्थलांतर आहे, तटरक्षक आहेत आणि चक्रीवादळात धावणारी ‘फेमा’ही आहे. एवढं सगळं ‘अंतर्गत’मध्ये मावत नाही. म्हणून मी विशेषनाम म्हणून ‘होमलँड सिक्युरिटी विभाग’ असंच लिहीन आणि पहिल्या उल्लेखाला ‘देशाच्या हद्दीतली सुरक्षा आणि आपत्ती-निवारण पाहणारा विभाग’ एवढं जोडीन.

राहिलं ‘प्रिपेअर्डनेस’. आपल्या २००५ च्या कायद्यात त्याचा अर्थ सज्ज असण्याची अवस्था असा दिला आहे, म्हणून कायद्यावर लिहिताना ‘सज्जता’. ‘पूर्वतयारी’ ही क्रिया: पावसाळ्याआधीची नालेसफाई, वाळूच्या पिशव्या, फोन नंबरांची यादी. पूर्वतयारी झाली म्हणून सज्जता आलीच असं नाही, आणि नेमकं तेच सांगणारं वाक्य तुमच्या मजकुरात असेल तर दोन्ही शब्द लागतील. ‘मॉक ड्रिल’ला आपल्या सरकारी मराठीत ‘रंगीत तालीम’ म्हणतात. ७ मे २०२५ ला देशभर भोंगे वाजवून झाली, तीही बातम्यांत रंगीत तालीमच होती. शब्द नाटकवाल्यांचा आहे, पण वापरा. ‘अभिरूप कवायत’पेक्षा कितीतरी चांगला.