बाराशे जर्मन शब्द पाठ झाले, पुढे काय?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बीएस्सी अ‍ॅग्रीच्या तिसऱ्या वर्षाला, मार्क बरे, रानडेतून जर्मन बी-वन झालंय, आणि तुम्ही नेटवरून माती आणि मृदासंरक्षणाचे बाराशे इंग्रजी-जर्मन शब्द एक्सेलमध्ये काढून दिलेत, रोज चाळीस पाठ करायचे आणि रात्री जेवताना तुम्ही विचारणार. म्हणजे ती टेक्निकल ट्रान्सलेटर होईल, हिंजवडीत नाहीतर थेट जर्मनीत. आणि हल्ली ती ताट घेऊन आतल्या खोलीत जाते, हे शेवटी जाता जाता.

अहो, मी तिथेच अडकले ना. तीन पानी पत्रात "आम्ही ठरवलंय" पाच वेळा आहे, मोजलं मी, "ती म्हणते" एकदाही नाही. वीस वर्षांच्या पोरीची रोज भाताबरोबर तोंडी परीक्षा घेतलीत तर ती आतच जाणार, मीही गेले असते. मार्कांची मला काडीची काळजी नाही, या ताटाची आहे. ती जेवतानाची परीक्षा आज रात्रीपासून बंद करा, बाकीचं नंतर.

आता ती यादी. तुमचा समज असा दिसतो की शब्दापुढे शब्द ठेवला की झालं भाषांतर. मातीत हे चालत नाही हो. सिल्ट, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाड कण, त्याला जर्मनमध्ये श्लुफ, यादीत एवढंच असणार. पण आपल्या कॉलेजांत शिकवतात त्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत सिल्ट ०.००२ ते ०.०२ मिलिमीटर, त्यापुढे बारीक वाळू सुरू, आणि जर्मन श्लुफ जातो ०.०६३ पर्यंत. म्हणजे ०.०३ मिलिमीटरचा एकच कण पुण्यात वाळू आणि तिकडे सिल्ट, शब्द बरोबर आणि रिपोर्ट चूक! किंवा आल्टलास्टन घ्या, यादीत "प्रदूषित जागा" असेल. १९९८ च्या जर्मन मृदासंरक्षण कायद्यात हा शब्द बंद पडलेल्या कचरा डेपोंना, बंद कारखान्यांच्या जागांना लागतो, चालू कारखान्याने नासवलेली जमीन त्यात बसत नाही, तिला वेगळी संज्ञा आहे. साधा बोडन शब्द बघा, माती पण तोच, घरातली फरशी पण तोच, आणि काही भागात माळासुद्धा. नुसती यादी पाठ असणाऱ्याचं काम फोनमधलं अ‍ॅप आत्ताच करतंय, फुकट. आणि उलटं पण होतं, मूठभर माती दाबली की लाडू वळतो, बोटांना चिकटत नाही, खाली टाकला की फुटतो, त्या ओलीला आपण वाफसा म्हणून मोकळे होतो, इंग्रजीत तिथे अख्खं वाक्य लागतं. तुमच्या बाराशेत वाफसा आहे का?

गंमत म्हणजे पत्रातली सगळ्यात भारी गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीय. दिवाळीत सासवडजवळच्या तुमच्या शेतात तिने कंबरभर खड्डा खणला, थराथरावर पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या टाचल्या, वरच्या नांगरटीच्या थराला एपी, खाली मुरमापाशी सी, आणि गडी हसले म्हणून तुम्हाला लाज वाटली. त्या एपीतला पी इंग्रजीत प्लाउचा आणि जर्मनमध्ये फ्लूकचा, दोन्हींचा अर्थ नांगर, हे एक अक्षर मात्र दोन्हीकडे बिनबोभाट चालतं. आणि ते तिला यादीतून नाही, खड्ड्यातून कळलंय. लाज कसली वाटते?

माझं स्पष्ट मत, ट्रान्सलेटर वगैरे सोडा, ही मृदाशास्त्रातली मुलगी आहे. एमएस्सीला राहुरी किंवा दुसरं कृषी विद्यापीठ, प्रवेश परीक्षा तिला माहीत असणार, आणि जर्मनीलाच जायचं तर आधी एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली मार्कशीट-सर्टिफिकिटं तपासून मिळणारा दाखला, इंग्रजीतले मास्टर्सही तिथे आहेत. जर्मन सोडू नका, तिकडे काम करायचं तर ती लागतेच, पण तिच्या वेगाने होऊ दे. शिवाय हे सगळं मी तुमच्या पत्रावरून बोलतेय, तिला कदाचित तिसरंच काही करायचं असेल.

खड्डा अजून बुजवला नसेल तर राहू द्या. रविवारी दोघं जा, तुम्ही आत उतरा, तिला वर बसून सांगू दे कुठला थर काय ते, आणि मधे प्रश्न विचारू नका. पुढचं पत्र तिला लिहायला सांगा, एका पानाचं चालेल.