घड्याळ म्हणते ठोके अनियमित, ईसीजी म्हणतो नॉर्मल

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा की, ६८ वर्षांच्या वडिलांच्या स्मार्टवॉचने हृदयाचे ठोके अनियमित असल्याचा इशारा दिला, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काढलेला ईसीजी नॉर्मल आला, आणि आता घड्याळच खोटे ठरवून विषय मिटवावा असे घरच्यांचे मत आहे. मी डॉक्टर नाही, अशा सेन्सरांच्या सिग्नलवर काम करणारा अभियंता आहे. तरीही विषय मिटवण्याइतका पुरावा त्या एका ईसीजीत नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो.

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा त्वचेत प्रकाश सोडतो. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातील रक्ताचे प्रमाण बदलते, तसा परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि त्यावरून लागोपाठच्या दोन ठोक्यांमधले अंतर मोजले जाते. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडतो तेव्हा, या अंतरांना काही क्रमच उरत नाही, आणि घड्याळातला अल्गोरिदम (गणिती कार्यपद्धती) नेमका तोच विस्कळीतपणा शोधत असतो. हात हलणे, पट्टा सैल असणे किंवा मधूनमधून निरुपद्रवी जादा ठोके पडणे, यांमुळे त्याची फसगत होऊ शकते. म्हणूनच एका नोंदीवर इशारा दिला जात नाही. ॲपल आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात सहा नोंदींपैकी पाच अनियमित आल्या तरच सूचना जात असे.

हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातले आकडे तुमच्या परिस्थितीला थेट लागू पडतात. सुमारे ४ लाख १९ हजार लोकांपैकी फक्त ०.५२ टक्क्यांना इशारा मिळाला. त्यांना छातीवर चिकटवायचा ईसीजी पॅच पाठवला गेला. ज्या ४५० जणांच्या पॅचच्या नोंदी तपासता आल्या, त्यांपैकी ३४ टक्क्यांमध्येच एट्रियल फिब्रिलेशन दिसले. यावरून घड्याळ तीनपैकी दोनदा चुकते असा निष्कर्ष बरेच जण काढतात, परंतु तो बरोबर नाही. हा विकार सुरुवातीला येऊन-जाऊन असतो, आणि पॅच इशाऱ्यानंतर सरासरी दोन आठवड्यांनी लागला होता. पॅच अंगावर असतानाच घड्याळानेही इशारा दिला, अशा वेळी मात्र ८४ टक्के इशारे खरे निघाले. दवाखान्यातला ईसीजी तर साधारण १० सेकंदांचा असतो. त्या १० सेकंदांत ठोके नियमित होते, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

तुम्ही ३२ वर्षांच्या भावालाही असे घड्याळ घ्यावे का, असे विचारले आहे. येथे गणित बदलते. केवळ हिशेबासाठी समजा, अल्गोरिदम १०० पैकी ९५ रुग्ण ओळखतो आणि १०० निरोगी माणसांपैकी एकाला चुकून इशारा देतो. ज्या वयोगटात हजारी ५० जणांना हा विकार आहे, तेथे सुमारे ४७ खरे आणि ९ ते १० खोटे इशारे येतील. हजारी एकालाच विकार असलेल्या तरुणांत एका खऱ्या इशाऱ्यामागे दहा खोटे येतील. सेन्सर तोच, अल्गोरिदम तोच, पण इशाऱ्याचे वजन वेगळे. जाहिरातीत अचूकतेची टक्केवारी असते, ती कोणत्या लोकांवर मोजली हे क्वचितच असते. भावाला हौस असेल तर घ्यावे. आरोग्यासाठी म्हणून मी सुचवणार नाही.

विकार सापडला तरी पुढचा निर्णय सोपा नसतो. या विकारात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होण्याची भीती असते, म्हणून रक्त पातळ करणारी औषधे दिली जातात. २०२१ च्या ‘लूप’ नावाच्या डॅनिश अभ्यासात त्वचेखाली ठोके नोंदवणारा रेकॉर्डर बसवलेल्या वृद्धांमध्ये, तो न बसवलेल्यांच्या तुलनेत, सुमारे तिप्पट प्रमाणात एट्रियल फिब्रिलेशन सापडले, अनेकांना ही औषधे सुरू झाली, पण पक्षाघातात झालेली घट संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठोस ठरली नाही. या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यामुळे ती द्यायची की नाही हे वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांचा विचार करून कार्डिओलॉजिस्टनेच ठरवायचे असते. घड्याळाचा इशारा पाहून घरच्या घरी ॲस्पिरिन सुरू करू नका.

सध्या एवढे करा. इशाऱ्यांच्या तारखा आणि वेळा लिहून ठेवा. घड्याळात ईसीजीची सोय असेल तर धडधड किंवा दम जाणवताच ३० सेकंदांची ईसीजी नोंद काढून तिची पीडीएफ जपून ठेवा. हे सगळे घेऊन कार्डिओलॉजिस्टकडे जा आणि होल्टर (अंगावर बाळगायचा, सतत ईसीजी नोंदवणारा यंत्रसंच) किंवा अनेक दिवसांचा पॅच लावण्याविषयी स्पष्टपणे विचारा. ठोके कधीकधीच बिघडत असतील तर २४ तासांचा होल्टरही अपुरा पडू शकतो. थायरॉइडची तपासणी आणि झोपेतले घोरणे, हे विषयही त्याच भेटीत काढा, कारण त्यांचाही या विकाराशी संबंध असू शकतो. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे असे काही झाले, तर घड्याळ काय दाखवते ते पाहण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा; हृदयविकाराचा झटका ओळखणे हे या घड्याळांचे काम नाही.