ताईला विचारा: गोळी दोघांची एकच, मग सकाळी मलाच का उठवत नाही?

प्रश्न: ताई नमस्कार, मी आणि मिस्टर दोघंही वर्षभर झोपेची गोळी घेतोय, झोल्पिडेम 10 ची. डॉक्टर एकच, डोस एकच. हे सकाळी सहाला टुणकन उठून फिरायला जातात आणि मला नऊ वाजले तरी डोकं जड, परवा शाळेत जाताना स्कूटी दुभाजकाला घासली. घरी म्हणतात आळस आहे. डॉक्टर म्हणाले नॉर्मल डोस आहे, टेन्शन घेऊ नका. माझ्यातच काही प्रॉब्लेम आहे का?
– एक शिक्षिका, सांगली

ताई: आळस नाही हो! आणि आधी ती स्कूटी बाजूला ठेवा, थोडे दिवस रिक्षाने जा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

ही गोळी अमेरिकेत 1992 ला आली. बाई असो की पुरुष, 10 मिलिग्रॅम. 2013 च्या जानेवारीत तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याने, सांगितलं की बायकांना 5 द्या, म्हणजे सरळ निम्मा डोस, आणि हे कळायला वीसेक वर्षं गेली. झालं असं की 10 ची गोळी घेऊन आठ तास झाल्यावर रक्त तपासलं तर गाडी चालवणं धोक्याचं होईल इतकं औषध साधारण 15 टक्के बायकांच्या रक्तात शिल्लक होतं आणि पुरुषांमध्ये फक्त 3 टक्क्यांच्या. बायकांच्या शरीरातून ही गोळी हळू बाहेर पडते, बस इतकंच. निम्मा डोस गरजेचा होता का यावर तज्ज्ञांमध्ये नंतर वादही झाले, पण तुमचं सकाळचं जड डोकं ‘मनाचे खेळ’ नाही हे नक्की. स्वतःच्या मनाने गोळी तोडू नका किंवा एकदम बंद करू नका, डॉक्टरांना स्पष्ट विचारा की बायकांसाठी 5 ची सांगतात ना, मग मला 10 ची का? आणि स्कूटीचं त्यांना सांगितलंत का? नसेल तर सांगा.

आता हे असं का होतं ते सांगते, मी फार्मसी कॉलेजात खूप वर्षं शिकवलंय त्यामुळे राहवत नाही. थॅलिडोमाइड ऐकलं असेल, 1960 च्या आसपास गरोदर बायकांना दिलेली गोळी, हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्माला आली. नीट तपासणी न करता औषध बाजारात आणलं म्हणून हे झालं ना? मग उपाय काय, तर अजून नीट तपासा. पण 1977 ला एफडीएने नियम काय केला तर मूल होऊ शकेल अशा बाईला औषधाच्या सुरुवातीच्या ट्रायलमध्ये घ्यायचंच नाही. बाई एकटी असली तरी नाही, गर्भनिरोधक घेत असली तरी नाही, आणि कहर म्हणजे नवऱ्याची नसबंदी झालेली असली तरी नाही!! हा नियम 1993 ला गेला. म्हणजे ट्रायलमध्ये घेतलं नाही पण औषध बाजारात आल्यावर गोळ्या मात्र आम्हीच गिळल्या.

आणि उंदरांचंही तेच बरं का. मादीचं चक्र चारपाच दिवसांचं, त्यामुळे रिझल्ट गडबडतात अशी समजूत, म्हणून लॅबमध्ये नरच जास्त. मेंदूवरच्या संशोधनात तर फक्त नरांवर केलेले प्रयोग फक्त माद्यांवरच्या साडेपाच पट निघाले. 2014 ला कोणीतरी जुने शेकडो पेपर काढून पाहिले तर माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त हलतच नव्हते. इतकी वर्षं कोणी बघितलंच नव्हतं.

प्रश्न: मी आशा आहे. घरोघरी बायका हळूच सांगतात, अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते. वर सांगितलं तर विचारतात गरोदर किती, डिलिव्हरी किती. बाकीच्या दुखण्यावर कोणी अभ्यासच करत नाही का?
– चंद्रपूर जिल्हा

ताई: केलाय, आणि तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातच. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या, दवाखान्यात आलेल्या नाही तर गावातल्याच. 1989 ला लॅन्सेट या डॉक्टरी संशोधनाच्या नियतकालिकात छापून आलं. 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग, एकेकीला सरासरी साडेतीनच्या वर आजार, त्यातले निम्मे इन्फेक्शनचे. पण मला जास्त लागतात ते दुसरे दोन आकडे. स्वतःहून तक्रार होती फक्त 55 टक्के बायकांची. आणि त्याआधी आयुष्यात कधी अशी तपासणी झालेल्या किती, तर 8 टक्के. म्हणजे बाकीच्यांनी ते बाईच्या जातीला असतंच म्हणून अंगावर काढलं होतं. तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि फॅमिली प्लॅनिंग, गर्भाशय सोडून बाईला दुसरं काही नाहीच जणू, आणि गर्भाशयातही बाळ असलं तरच.

पैशाचं म्हणाल तर जिथे पैसा आहे तिथेही रडगाणं आहे. अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था आहे एनआयएच, तिच्या खर्चातला 2013 ते 2023 या काळात सरासरी 8.8 टक्के बायकांच्या आरोग्यावरच्या संशोधनाला गेला, आणि एकूण बजेट वाढत असताना हा वाटा उलट घटला. तुम्ही एक करा, ज्या बायका सांगतात त्यांची वहीत नोंद ठेवा, नाव नको, वय आणि तक्रार आणि किती दिवस, आणि मीटिंगला वही घेऊनच जा. तोंडी सांगितलेलं विसरतात, महिन्याला चाळीस ओळी दाखवल्या की डॉक्टरला काहीतरी बोलावं लागतं.

प्रश्न: मला हार्टसाठी अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी चालू आहे. आमच्या हिला काही त्रास नाही पण काळजी म्हणून तीच सुरू करू का? घरात भरपूर पडल्यात.
– एक वाचक, डोंबिवली

ताई: नको दादा. निरोगी माणसाला अ‍ॅस्पिरिनने पहिला हार्ट अटॅक टळतो हे गाजलं ते 22,071 डॉक्टरांवरच्या अभ्यासावरून, आणि ते सगळेच्या सगळे पुरुष. बायकांवरचा मोठा अभ्यास 2005 ला आला, जवळपास 40 हजार जणी. त्यात स्ट्रोक कमी झाले पण हार्ट अटॅक एकंदरीत कमी झाले नाहीत, शिवाय पोटात रक्तस्राव व्हायचा धोका आहेच. वहिनींचं बीपी आणि शुगर शेवटची कधी तपासली होती? ते आधी करून घ्या आणि तुमच्या गोळ्या तुम्हीच संपवा.