बीएफए करू द्या, पण छपाईच्या प्रेसची ओळख बाहेरच करून घ्यावी लागेल

तुम्ही विचारलंय की मुलीला नागपुरात बीएफए अप्लाइड आर्टला (जाहिरात, पॅकेजिंग वगैरे डिझाइनच्या कलापदवीला) घालावं, की सहा महिन्यांचा सॉफ्टवेअर कोर्स पुरे आहे, आणि कॉलेजात शिकलेलं पुढे कामी येतं का. मी इथेच डिझाइनचं काम करतो, शेवटच्या वर्षाची मुलं माझ्याकडे इंटर्नशिपला येतात. त्यांच्याकडे बघून सांगतो.

डिग्रीच करू द्या. सहा महिन्यांत टूल्स येतात, नजर येत नाही. पहिल्या वर्षी वस्तुचित्र, लेटरिंग, टू-डी डिझाइन हाताने घासून घेतात, त्याचा उपयोग जन्मभर होतो. राज्याच्या एएसी सीईटीत, म्हणजे या डिग्रीच्या प्रवेश परीक्षेतही मुख्यतः हाताचंच काम बघतात, त्यामुळे तयारी आतापासून हवी.

खरी अडचण पुढे येते. कॉलेजात काम संपतं ते माउंट केलेल्या शीटवर. सर मार्क देतात, शीट कपाटावर जाते. आमच्याकडे तिथून काम सुरू होतं. मागे एका मुलाने संत्रा बर्फीचा डबा केला. स्क्रीनवर रंग असा की बघत राहावं. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत (निळा, मॅजेंटा, पिवळा, काळा) नेला आणि संत्र्याची वीटच झाली. पिवळा आणि मॅजेंटा मिसळून तितका झळझळीत नारिंगी निघतच नाही. तो हवा असेल तर पँटोन ऑरेंज 021 सारखी तयार शाई घेऊन चार शायांच्या चार प्लेटांशिवाय (छपाईच्या पत्र्यांशिवाय) पाचवी प्लेट लावावी लागते, आणि तिचा खर्च दुकानदाराला आधी सांगावा लागतो. शिवाय पोराने एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) नंबर नेमका पेस्टिंगच्या, म्हणजे डिंक लावायच्या पट्टीवर टाकला होता. डबा चिकटवला की नंबर गायब. हुशार मुलगा होता, पण उलगडलेला डबा त्याने हातात कधी घेतलाच नव्हता.

दुसरं दुखणं देवनागरीचं. सगळे प्रोजेक्ट इंग्रजीत, आणि नागपुरात निम्मं काम मराठी-हिंदीत. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग न बदलता ‘विदर्भ’ लिहिलं तर वेलांटी ‘व’च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते, आणि रफाराऐवजी पाय मोडलेला ‘र’ सुटा उभा राहतो. प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन्स चालू करून कंपोझर (अक्षरं जुळवणारी सेटिंग) बदलला की झालं, पण हे मुलांना बाहेर कळतं. त्यात हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ मराठी मजकुरात सर्रास घुसतात. काही युनिकोड फाँटमध्ये भाषा मराठी निवडली की आपली वळणं मिळतात. सुलेखनकार आणि फाँट डिझायनर रा. कृ. जोशींसारखा माणूस महाराष्ट्रात होऊन गेला, विंडोजचा मंगल फाँट त्यांचा, आणि आमची मुलं अजून रोमन अक्षरांवरच अडकलेली. याचा मला राग येतो, लपवत नाही.

शिक्षकांना दोष देणं सोपं आहे. अभ्यासक्रम बदलायला विद्यापीठाच्या समित्या, मंजुऱ्या लागतात. सॉफ्टवेअर दरवर्षी बदलतं. आणि ज्या सरांनी प्रेसमध्ये काम केलेलंच नाही, ते प्रेस शिकवणार कसे?

कॅनव्हा (तयार साच्यांवरून डिझाइन करायचं ॲप) आणि एआयची भीती थोडी खरी आहे. सेलचा बॅनर आता दुकानदाराचा पोरगा मोबाइलवर करतो, ते काम गेलं समजा. डबा, लेबल, पुस्तकाची मांडणी अजून माणसाकडेच येते.

मुलीला दुसऱ्या वर्षापासून सुट्टीत एखाद्या ऑफसेट प्रेसमध्ये बसवा, पगार न मिळाला तरी चालेल. कोरल ड्रॉ हे सॉफ्टवेअर तिथे अजून चालतं, तेही येऊ द्या. फाइल कर्व्ह करून (अक्षरांचे आकार बनवून) का मागतात, कटिंगला तीन मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र) का सोडायचं, बारीक काळा मजकूर चार रंगांत ठेवला तर प्लेट जराशी सरकताच त्याला लाल-निळी किनार कशी सुटते, हे मशीनवाल्या काकांजवळ उभं राहून कळतं. काका ओरडतील, पण सांगतील. आणि महागडा लॅपटॉप पहिल्याच वर्षी घेऊ नका. ते पैसे रंग, कागद आणि प्रिंट काढण्यात जाऊ द्या.