कडाक्याच्या थंडीत सकाळी दुसरा गिअर पडत नाही. गिअरबॉक्समध्ये कोणतं ऑईल टाकावं?

तुम्ही लिहिलंय ते असं: एडमंटनला राहता, गाडी दहा-बारा वर्षं जुनी हॅचबॅक, पुढच्या चाकांवर चालणारी, पाच गिअरची मॅन्युअल. पारा उणे वीसच्या खाली गेला की सकाळी पहिली दहा मिनिटं दुसरा गिअर पडत नाही, जोर लावला तर खर्रकन आवाज येतो, आणि गाडी तापली की सगळं सुरळीत. गाडीच्या पुस्तकात ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ लिहिलंय (पहिला ऑईलच्या घट्टपणाचा ग्रेड, दुसरा त्यातल्या रसायनांचा दर्जा, दोन्ही पुढे सांगतो). दुकानदार म्हणतो ७५डब्ल्यू-९० जीएल-५ सिंथेटिक घ्या, मित्र म्हणतो ऑटोमॅटिक गाडीचं लाल ऑईल टाक, लोण्यासारखा गिअर पडेल.

या दोन्हीतलं काही टाकू नका. तुमच्या जागी मी असतो तर ७५डब्ल्यू-८०, जीएल-४, पूर्ण सिंथेटिक आणि मुळात मॅन्युअल गिअरबॉक्ससाठीच बनवलेलं ऑईल घेतलं असतं. चिंचवडला मी गिअरबॉक्सच्या टेस्टिंगमध्ये काम केलंय आणि आता बरीच वर्षं विनिपेगच्या हिवाळ्यात मॅन्युअल गाडीच चालवतोय. गाड्यांच्या बाबतीत जितके गैरसमज गिअर ऑईलबद्दल ऐकले तितके दुसऱ्या कशाबद्दल ऐकले नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गिअर पडतो म्हणजे आत काय होतं ते बघा. दुसऱ्या गिअरचं चक्र आणि शाफ्ट वेगवेगळ्या गतीनं फिरत असतात. त्यांची गती एक करण्याचं काम सिंक्रो रिंगचं. ही रिंग बहुतेक गाड्यांत पितळेची असते, आतून निमुळती, आणि तिच्यावर बारीक खाचा असतात. तुम्ही दांडा ढकलता तेव्हा ती चक्राच्या कोनावर दाबली जाते, मधलं ऑईल त्या खाचांमधून बाहेर फेकलं जातं, धातूची धातूवर पकड बसते, गती जुळते आणि मगच दात दातांत शिरतात. सगळं काम घर्षणाचं आहे. थंडीत ऑईल काकवीसारखं घट्ट झालं की खाचांमधून ते वेळेत बाहेर निघत नाही. रिंग ऑईलच्या थरावरच घसरत राहते, गती जुळत नाही, दांडा अडतो. आणि अडलेला दांडा जोरानं रेटला की तो खर्र आवाज.

दुसराच गिअर का, असंही तुम्ही विचारलंय. वरचे गिअर टाकत जाताना गतीतला सर्वांत मोठा फरक पहिल्या-दुसऱ्यात असतो, म्हणून दुसऱ्याच्या रिंगला सर्वांत जास्त राबावं लागतं. चौथ्या-पाचव्यातला फरक छोटा, तिथे थंडी फारशी जाणवत नाही. सिग्नलजवळ गाडी सरकत असताना दुसऱ्यातून पहिल्यात टाकायला गेलात तर त्याहून वाईट, कारण तिथे घट्ट ऑईलचा विरोध मोडून इनपुट शाफ्टची (इंजिनकडून क्लचमार्गे फिरणाऱ्या शाफ्टची) गती वाढवावी लागते.

आता बाटलीवरच्या आकड्यांकडे येऊ, कारण खरी फसगत तिथे होते. गिअर ऑईलचे ग्रेड एसएई जे३०६ या मानकानुसार ठरतात. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीचा. ७५डब्ल्यू म्हणजे उणे ४० अंशाला त्या ऑईलची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, १,५०,००० सेंटीपॉइजच्या (घट्टपणाचं एकक) वर जात नाही. ८०डब्ल्यूला तीच मर्यादा उणे २६ ला, ८५डब्ल्यूला उणे १२ ला. म्हणजे आपल्याकडे गॅरेजमध्ये सर्रास मिळणारं ८०डब्ल्यू-९० एडमंटनच्या जानेवारीत त्याच्या हद्दीबाहेर जातं. पुण्यात त्याच ऑईलवर गाडी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालेल.

पण हा दीड लाखाचा आकडा आला कुठून? एका विशिष्ट मागच्या ॲक्सलच्या चाचण्यांमधून. त्याहून घट्ट ऑईल झालं की पिनियनच्या (ॲक्सलमधल्या छोट्या दातेरी चक्राच्या) बेअरिंगपर्यंत ते पोचत नव्हतं आणि बेअरिंग खराब होत होतं. म्हणजे ती मर्यादा बेअरिंग वाचवण्यासाठी आहे, तुमच्या हाताला दांडा हलका लागावा म्हणून नाही. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये गिअर सहज पडायला व्हिस्कॉसिटी २०,००० सेंटीपॉइजच्या आसपास किंवा खाली लागू शकते, असं त्याच मानकात नमूद आहे. दीड लाख कुठे आणि वीस हजार कुठे! म्हणून दोन बाटल्यांवर ७५डब्ल्यू-९० असंच छापलेलं असलं तरी उणे पंचविसात एकीचा गिअर अलगद पडेल आणि दुसरीचा हिसडा मारून पाडावा लागेल. दोन्ही बाटल्या नियमात बसतात.

तेव्हा बाटलीचा पुढचा भाग सोडा आणि त्या ऑईलची तांत्रिक माहितीची शीट उघडा. कंपन्या ती वेबसाइटवर ठेवतात. त्यात ‘ब्रूकफिल्ड’ या नावानं दिलेला उणे ४० अंशांच्या व्हिस्कॉसिटीचा आकडा शोधा. जितका कमी तितकं थंडीत चांगलं. तो दिलेला नसेल तर ४० आणि १०० अंशांची व्हिस्कॉसिटी बघा. १०० ला दोन ऑईल सारखी असतील, तर ४० ला ज्याचा आकडा कमी ते थंडीतही सहसा कमी घट्ट होतं. पोअर पॉइंट बघून निवड करू नका. पोअर पॉइंट उणे ४५ म्हणजे तिथवर ऑईल कसंबसं हलतं, एवढंच कळतं. गिअर कसा पडेल याबद्दल त्यातून काहीच समजत नाही.

सिंथेटिकचा आग्रह याचसाठी. साध्या खनिज तेलात मेण असतं, थंडीत त्याचे स्फटिक धरू लागतात आणि ऑईल एकदम घट्ट होतं. पीएओ जातीच्या सिंथेटिक तेलात ते मेण नसतं. मात्र नुसता ‘सिंथेटिक’ हा शब्द छापलाय म्हणून भुलू नका, आकडा बघाच.

दुसरा आकडा, ९० किंवा ८०, गरम ऑईलचा. १०० अंशाला ९० ग्रेडची व्हिस्कॉसिटी साधारण १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक (व्हिस्कॉसिटीचंच दुसरं एकक), ८५ ची ११ ते १३.५, ८० ची ८.५ ते ११. इथे अनेकजण इंजिन ऑईलशी गल्लत करतात आणि ९० म्हणजे भयंकर जाड समजतात. दोन्हींच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. गरम असताना ७५डब्ल्यू-९० गिअर ऑईल साधारण ४०-५० ग्रेडच्या इंजिन ऑईलइतकं असतं, आणि ७५डब्ल्यू-८० साधारण २०-३० च्या आसपास. म्हणून तर होंडानं अनेक वर्षं मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये १०डब्ल्यू-३० इंजिन ऑईलच सांगितलं होतं, नंतर स्वतःचं एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑईल) आणलं.

पुस्तकात ९० असताना ८० कसं सांगतो, ही शंका रास्त आहे. पातळ ऑईलचा थर दातांवर आणि बेअरिंगवर पातळ बसतो, हे खरंच. तुम्ही ट्रेलर ओढत असता, उन्हाळ्यात रॉकीजच्या चढांवर भरलेली गाडी नेत असता, तर मी ९० च्या खाली उतरू दिलं नसतं. पण छोटी गाडी, शहरातला वापर आणि वर्षाचे पाच महिने बर्फ, अशात एक ग्रेड खाली उतरणं मला पटतं. मधला मार्ग हवा असेल तर ७५डब्ल्यू-८५ ही मिळतं. गाडी वॉरंटीत असती तर मात्र पुस्तकातलंच टाका म्हटलं असतं.

आता जीएल-४ आणि जीएल-५. दुकानदार ५ हा ४ पेक्षा वरचा म्हणून विकतो. हा आकडा शाळेच्या इयत्तेचा नाही. जीएल-५ हायपॉइड धाटणीच्या डिफरन्शियलसाठी (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागासाठी) आहे. तिथे दात एकमेकांवर घसरत दाबले जातात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची ईपी, म्हणजे जबर दाबाखाली दात वाचवणारी, रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. ही रसायनं धातूवर निसरडा थर तयार करतात, आणि सिंक्रो रिंगला तर घर्षण हवंय. जुन्या धाटणीच्या जीएल-५ मधलं गंधक गरम असताना पितळालाही खातं. हल्लीच्या काही ऑईलमध्ये पितळाची काळजी घेतलेली असते, पण निसरडेपणाचा प्रश्न राहतोच. तुमच्या पुस्तकात जीएल-४ आहे, तेव्हा तेच. ‘जीएल-४/जीएल-५’ असं दोन्ही छापलेली बाटलीही मी तुमच्या गाडीत घातली नसती. त्याच कारणानं घर्षण कमी करणाऱ्या, ‘गिअर मऊ करणाऱ्या’ ॲडिटिव्हच्या छोट्या बाटल्याही लांब ठेवा.

याला अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. सुबारूसारख्या गाडीत गिअरबॉक्स आणि पुढचं हायपॉइड डिफरन्शियल एकाच ऑईलमध्ये बुडालेलं असतं. तिथे कंपनी जीएल-५ सांगते आणि तेच टाकावं लागतं, नाहीतर डिफरन्शियलचे दात जातात. इंजिन आडवं बसवलेल्या तुमच्यासारख्या बहुतेक हॅचबॅकमध्ये डिफरन्शियल आतच असलं तरी ते हायपॉइड नसतं, म्हणून जीएल-४ पुरतं. उत्तर वाचणाऱ्या इतरांनी आपल्या गाडीचं पुस्तक बघितल्याशिवाय माझं ऐकू नये.

मित्राचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. डेक्स्रॉन-३ दर्जाच्या ऑटोमॅटिक ऑईलला उणे ४० ला २०,००० सेंटीपॉइजची मर्यादा आहे, मघाशी सांगितलेला आकडा. त्यामुळे गिअर खरोखर हलका पडतो. बोर्ग-वॉर्नर टी-५ सारखे काही मॅन्युअल गिअरबॉक्स त्या ऑईलवर चालायलाच बनवले होते. पण ज्या गिअरबॉक्सच्या दातांचा आणि बेअरिंगचा हिशेब ७५डब्ल्यू-९० धरून केलाय, त्यात १०० अंशाला ७ सेंटीस्टोकच्या आसपासचं, कमी ईपी असलेलं ऑईल टाकलं तर हिवाळ्यातला आराम उन्हाळ्यात बेअरिंगच्या आवाजानं फेडावा लागू शकतो.

पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी तपासा, कारण दोष ऑईलचाच आहे याची खात्री हवी. सकाळी गार गाडीत, इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून दांडा सगळ्या गिअरमधून फिरवा. तेव्हाही दांडा जड लागत असेल तर शिफ्ट केबलमध्ये पाणी गोठलंय किंवा जोडांमधलं ग्रीस घट्ट झालंय का बघा. मग इंजिन सुरू करा, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही खर्र वाजलं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. एवढ्या घट्ट ऑईलमध्ये इनपुट शाफ्ट तोवर थांबायलाच हवा होता. अशा वेळी क्लचच्या हायड्रॉलिककडे जा. तिथलं जुनं ब्रेक फ्लुइड बदलूनही पुष्कळ फरक पडतो. तुमची गाडी तापल्यावर ठीक होते म्हणजे संशय ऑईलवरच जातो, पण ही तपासणी फुकट आहे, करून घ्या.

ऑईल स्वतः बदलणार असाल तर एक गोष्ट कधीही विसरू नका: आधी भरायचा वरचा बोल्ट उघडा, मग खालचा. वरचा गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालून सगळं ऑईल काढून बसला असाल, तर गाडी जागची हलणार नाही. ऑईल काढण्याआधी गाडी चांगली फिरवून आणा, नवीन ऑईल रात्रभर घरात ठेवा (गॅरेजमध्ये ठेवलेलं हातपंपानं ओढलंच जात नाही), दोन्ही वॉशर नवे घाला, आणि सपाट जमिनीवर वरच्या भोकाच्या काठापर्यंत भरा. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी गाळ असेल तर काळजी नको. निघालेल्या ऑईलमध्ये सोनेरी चमक दिसली तर ती सिंक्रो रिंगची झीज. दाताचा तुकडा निघाला तर पुढचं काम मेकॅनिकचं.

एवढं करूनही उणे तीसला पहिले दोन-तीन किलोमीटर गिअर थोडा जड राहीलच, तेवढं धरून चला. ब्लॉक हीटर इंजिन तापवतो, गिअरबॉक्स नाही. गिअरबॉक्सला ना हीटर ना कूलंट. चाकं फिरतील, दात ऑईल घुसळतील, तेव्हाच ते तापणार. म्हणून अर्धा तास उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवण्यापेक्षा हलक्या पायानं निघालेलं बरं. पहिल्यात जास्त ओढू नका, दुसरा टाकताना न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबा, दांड्यावर दाब ठेवा पण रेटू नका. उतरत्या गिअरला जुने ट्रक ड्रायव्हर मारायचे तसा डबल क्लच (न्यूट्रलमध्ये क्लच सोडून जरा रेस द्यायची आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा) मारला तर थंड सिंक्रोवरचा भार जवळजवळ जातो. शिकायला एक शनिवार-रविवार पुरे.

नवीन ऑईलवर आठवडाभर चालवून बघा. गाडी पूर्ण तापल्यावरही दुसरा खर्र करू लागला, तर ती रिंगच झिजलेली आहे आणि कोणत्याही बाटलीनं ती भरून येणार नाही. दुकानात जी दोन-तीन ऑईल मिळतील त्यांची नावं आणि गाडीचं नेमकं मॉडेल व वर्ष इथे लिहा, मी शीट बघून सांगतो त्यातलं कोणतं घ्यावं.