लोक बिनपैशाची मदत का करतात, आणि आमच्या अभ्यासवर्गात स्वयंसेवक का टिकत नाहीत?

पहिल्या महिन्यात पंधरा जण येतात आणि मग तिघेच उरतात, असं तुम्ही लिहिलंय. त्याचं कारण तुमच्या पहिल्या प्रश्नातच आहे.

गावाकडची इर्जिक बघा. कुणाचा बैल मेला, घरात आजारपण आलं, पेरणी मागे पडली, की तो शेजारपाजारी शब्द टाकतो. ठरल्या दिवशी सगळ्यांची औतं त्याच्या रानात उतरतात, दिवस मावळेपर्यंत काम उरकतं आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. मजुरी नसते. सावड मात्र उघड हिशेबाची: तू माझ्या खुरपणीला दोन दिवस, मी तुझ्या काढणीला दोन दिवस. इर्जिकीत हिशेब कुणी बोलून दाखवत नाही, पण कोण आलं नाही हे बरोबर लक्षात राहतं. ओळख, उद्या आपल्यावर वेळ आली तर, आणि पंगतीची मजा, हे सगळं त्यात असतं. त्यात कमीपणा काय? ट्रॅक्टर भाड्याने मिळू लागले तशी एकमेकांची गरज कमी झाली आणि इर्जिकही आटली.

संस्थेत मदत अनोळखी माणसाला होते, तो परत फेडणार नसतो. मग येणाऱ्याला दुसरं काहीतरी मिळावं लागतं. मानसशास्त्रज्ञ क्लॅरी, स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लोक स्वयंसेवक का होतात याची सहा कारणं मांडली: मूल्यं, शिकणं, मित्रमंडळींचा आग्रह, नोकरीला उपयोग, मनातल्या अपराधीपणापासून किंवा एकटेपणापासून सुटका, आणि स्वतःबद्दल बरं वाटणं. बहुतेकांत दोन-तीन कारणांची सरमिसळ असते. राष्ट्रीय सेवा योजनेतला विद्यार्थी वर्षाचे १२० तास भरायला आला म्हणून नाक मुरडू नका. तास भरले की तो जाईल, हे धरूनच आखणी करा.

पहिल्या भेटीत सरळ विचारा, ‘तुम्हाला यातून काय हवंय?’ शिकायचंय त्याला अनुभवी शिक्षकाबरोबर बसवा. एकटेपणामुळे आलेल्याला कधीही हिशेबाच्या वहीवर बसवू नका, तो लवकर जातो.

‘जमेल तसं या’ हे वाक्य सगळ्यात घातक, कारण न आल्याने कुणाचं काही अडत नाही असाच त्याचा अर्थ निघतो. त्याऐवजी मंगळवारी ६ ते ७.३०, तीच तीन मुलं, आठ आठवडे, असं सांगा. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कुणीतरी या’ टाकलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल. नाव घेऊन फोन करा. दोघांची जोडी लावा, म्हणजे एकाला ताप आला तरी वर्ग बुडत नाही.

प्रवासखर्च त्याच दिवशी द्या. तासाला थोडंसं मानधन मात्र नको, लोक लगेच त्याची मजुरीशी तुलना करतात आणि ती कमीच भरते. शाल-श्रीफळही नको. त्यांनी शिकवलेल्या मुलाला आता जोडाक्षरं वाचता येतात, एवढं त्यांना कळवा.

आठ आठवडे झाले की थांबायचं का, हे तुम्हीच विचारा. थांबणाऱ्याला शेवटच्या दोन वर्गांना नव्या माणसाबरोबर बसायला सांगा, मुलं बुजत नाहीत.